धामण जेवली

आमच्या घरी साप पाळलाय, ही बातमी भोरच्या बाजारात पोचली तेव्हा भाजीवालीने आईला पहिला प्रश्न विचारला तो दुधाचा. "रोज किती लागतं वो त्याला?"

"आमच्याच चहाला पुरत नाही, त्याला कुठून देऊ?" असं म्हणून आई घरी आली आणि तिने मेथीची पिशवी माझ्यापुढे आपटली. "सांग आता गावाला. तूच सांग. तुला आवड आहे."

आवड होतीच. भेटेल त्याला मी सांगत होते. साप म्हणजे कुठला? तर धामण. बिनविषारी. पाळलेली नाही, जखमी आहे. वनखात्याला कळवून उपचारापुरती ठेवली आहे, बरी झाली की जाईल. आपल्याकडचा साप घरात पाळणं हा गुन्हा आहे. आणि कुठलाच साप दूध पीत नाही. लोक हो हो म्हणायचे आणि जाताना विचारायचे, "मग नाव काय ठेवलं तिचं?"

बोलताना मुद्दे पाडायची ही खोड मला घरातून लागली. पप्पांचं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दुकानांच्या पाट्या यांवर घर चालतं, आणि उरलेल्या वेळात उरलेल्या कागदावर पत्रकं निघतात. करणी, भानामती, हुंडा, अंगात येणं, नागाचं दूध. इतर पोरं बाराखडीच्या तक्त्यावर अक्षरं ओळखायला शिकली, मी पत्रकांच्या घड्या घालताना. शाळेत 'माझा आवडता सण' या निबंधाचा शेवट मी 'विचार करा! जागे व्हा!' असा केला होता. बाईंनी खाली लाल पेनने लिहिलं, 'मी जागीच आहे.'

पुढे मी साप पकडायला शिकले, वनखात्याकडे रीतसर नोंद केली. पप्पांना त्याचा अभिमान वाटायचा. ते म्हणायचे, मी कागदावर सांगतो, ही हातात धरून सांगते.

ही धामण मला भोरजवळच्या उत्रोली गावात मिळाली. पेरणी होऊन भाताचा तरवा नुकता वर आला होता. कोंबड्यांनी कोवळी रोपं उपटू नयेत म्हणून एका काकींनी तरव्याभोवती जाळी बांधली होती. जाळी म्हणजे भाटघर धरणाच्या पाण्यात मासे धरायचीच, जुनी, फाटकी, नायलॉनची. भोरच्या बाजूला ती कुठल्याही परसात सापडते. कोंबडी तिला अडते, आणि सापही अडतो. साप पुढे जातो, मागे फिरता येत नाही, आणि जितका जोर करेल तितका दोरा खवल्यांत रुततो.

मी पोचले तेव्हा ती पुरुषभर लांबीची धामण निम्मी जाळीत आणि निम्मी चिखलात होती. शेजारी काकींचा मुलगा काठी घेऊन उभा होता, आणि काकी त्याच्या काठीला धरून उभ्या होत्या.

"मारू नगं म्हणते मी. पन तू तिला घिऊन जा, पोरी. लांब ने."

"काकी, बिनविषारी आहे ही."

"इखाचं कोन बोलतंय? माझी म्हस दूध कमी द्याया लागलीय. धामनीचंच काम. मागल्या पायाला इळखा घालती आन् सडाला लागती. माझ्या सासूनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय."

कात्रीने एकेक दोरा कापत मी त्यांना तिथेच ऐकवलं. सापाला ओठ नाहीत, गाल नाहीत, तो चोखणार कशाने? सुईसारखे मागे वळलेले दात सडाला लागले तर म्हैस उभी राहील का? काकींचा मुलगा हसला. "म्हशीला इचारा तुमीच." काकी हसल्या नाहीत. धामण पोत्यात गेली तेव्हा त्यांनी पोत्याला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "बरी कर तिला. पन परत हितं आणायची न्हाई. आणलीस तर ह्याची काठी मी धरनार न्हाई."

जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. आमच्या भागाचे वनरक्षक मूळचे वेल्ह्याकडचे, सापांच्या बाबतीत शांत माणूस. ते येऊन बघून गेले. मी म्हटलं, बरी झाली की वेल्ह्याच्या रानातच सोडू या, उत्रोलीत वैर आहे. त्यांनी मान हलवली.

"ताई, जिथली तिथं. तिकडं तिला ना बीळ ठावं ना पाणी. धामण शेतातली, तिला रानात नेऊन सोडणं म्हणजे घरातल्या माणसाला घाटात उतरवून एसटी निघून जाण्यासारखं. आणि दुसरं सांगतो. सोडायच्या आधी तिनं सोताहून धरून खाल्लं पाहिजे. भरवलेली धामण सोडली तर ती सोडली न्हाई, टाकली."

म्हणजे तिला उत्रोलीलाच जायचं होतं, आणि उत्रोलीला काठी तयार होती. आणि त्याआधी तिने जेवायला हवं होतं.

ती जेवेना.

दुकानाच्या मागच्या खोलीत पप्पांनी एक लांब काचेचं शोकेस ठेवलं होतं, बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातून आणलेलं. वर जाळीचं झाकण बसवून मी तेच तिला दिलं. बसायला मडकं, प्यायला पाण्याचं रुंद भांडं, खाली अंथरायला कागद. मेलेला उंदीर चिमट्यात धरून तिच्यासमोर हलवायचा, जिवंत वाटला पाहिजे. मी हलवायचे. ती मान फुगवून माझ्यावर गुरगुरायची. धामण गुरगुरते हे लोकांना सांगून पटत नाही. लांबून ट्रकने गिअर बदलावा तसा आवाज. मग ती मडक्यामागे जायची आणि कागदाखाली तोंड खुपसून बसायची. मी उंदीर ठेवून निघून जायचे. परत यावं तर उंदीर तसाच, वास मात्र आलेला.

आईने उंदरांसाठी थर्मोकोलचा वेगळा डबा दिला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'हे कुलफी नाही' असं लिहिलं होतं. मी लहान उंदीर आणला, मोठा आणला. कोमट पाण्यात गरम केला, झाकण काळ्या कापडाने झाकलं, सकाळी दिला, दुपारी दिला. धामण दिवसाचा साप, म्हणून मी दुपारवर जास्त भर दिला. काही नाही. टाके सुकत आले आणि पाठीचा कणा वर दिसायला लागला.

शेजारचे काका रोज दारातून विचारायचे, "घेतलं का काही?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणायचे, "वाटीभर दूध ठेवून तर बघ. तुझ्या बापाला कळत नाही म्हणून सापाचा जीव घेशील." डॉक्टर म्हणाले, आता नळीने घालावं लागेल. म्हणजे तिचं डोकं धरायचं, जबडा उघडायचा आणि घशात नळी सारायची. पुढच्या खेपेला आणा, म्हणाले.

मी चिडले होते. तिच्यावर नाही. ज्या जगात तिला दूध सोडून कुणी काही देऊ करत नव्हतं त्या जगावर. आणि मी देत होते ते ती घेत नव्हती, याच्यावर जरा जास्तच.

मग पावसाने काम केलं. भोरचा आषाढ, दुकानाचा पत्रा गळायला लागला आणि शोकेसमधला सगळा कागद भिजून लगदा झाला. दुकानात कोरडा कागद नव्हता, जो होता तो ओला. काचसामानाच्या दुकानातून कपबशांच्या खोक्यांतला पेंढा मागून आणला, तो जाड अंथरला, एक उंदीर त्यात अर्धा लपवून ठेवला आणि गळतीखाली बादल्या लावायला गेले.

परत आले तर पेंढ्यातून धामणीचं डोकं वर आलं होतं आणि तोंडातून शेपूट लोंबत होतं.

मी ओरडले नाही. आमच्या घरात ओरडायचं असेल तर आधी खात्री करावी लागते. पप्पांच्या जवळजवळ प्रत्येक पत्रकात एक वाक्य असतं: एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं नाही, पुन्हा करून पाहा. मी पुन्हा करून पाहायचं ठरवलं. तिला पचू दिलं. मग पेंढा काढला, कोरडा कागद घातला, उंदीर ठेवला. ती कोपऱ्यात जाऊन बसली. जीभ बाहेर काढायची, कागदावर टेकवल्यासारखी करायची, मागे घ्यायची. कागद काढून परत पेंढा घातला, आणि ती जेवली.

आता कागद कुठला ते सांगते. तो आमचाच होता, पत्रकांचा. छपाईत शाई फाकलेली, ओळ तिरकी गेलेली, अशी वाया गेलेली पत्रकं मी तिच्याखाली अंथरत होते. ताज्या शाईचा वास, आणि पप्पा छपाईची जाळी पुसतात त्या रॉकेलचा. साप वास जिभेने घेतो. त्या वासात तिला उंदीर सापडतच नसणार. सबंध काळ ती 'साप दूध पीत नाही' या ठळक मथळ्यावर उपाशी बसली होती.

हे पप्पांना कसं सांगायचं ते कळेना. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे माझं पत्रक कुणीतरी पहिल्यांदा जवळून बघितलं म्हणायचं," ते म्हणाले. "लोक न वाचता नावं ठेवतात. हिने निदान जीभ लावून नावं ठेवली." मग स्वतःच उठले आणि हात साबणाने धुऊन आले. त्या दिवसापासून मागच्या खोलीत जाताना पप्पा हात धुतल्याशिवाय गेले नाहीत. नळीचा विषय संपला.

धामण भरू लागली. आधी पेंढ्यात लपवलेला उंदीर घ्यायची. मग उघड्यावर ठेवलेला घ्यायला लागली. मग मी चिमट्यात धरलेला ओढून न्यायला लागली, तो असा झटक्यात, की एकदा चिमटाही गेला. शेवटचं उरलं होतं ते जिवंत शिकार, आणि उत्रोली.

काकींकडे मी रिकाम्या हाताने गेले. पिशवीत पत्रकं घातली होती, ती निघताना बाहेर काढून ठेवली. लावणी संपली होती. काकी गोठ्याच्या उंबऱ्यावर भाकरी खात होत्या.

"धामण बरी झाली काकी. जेवते आता."

"काय जेवती?"

"उंदीर."

"आन् दूध?"

"नाही पीत."

"तू दिलंस व्हय कधी?"

दिलं नव्हतं. का देऊ? पण प्रश्न बरोबर होता. पुन्हा करून पाहा म्हणणाऱ्या घरात हे एकदाही करून पाहिलेलं नव्हतं.

"पंचमीला मी येते," काकी म्हणाल्या. "दूध मी आणनार. माझ्या म्हशीचं. तुज्या पिशवीतलं न्हाई. मी म्होरं बसनार. प्याली तर हितं आणायची न्हाई. न्हाई प्याली तर बघू."

"चालेल. पण माझी एक अट आहे. तिचं पाण्याचं भांडं मी काढणार नाही. गारुडी सापाला तहानलेला ठेवतात आणि मग दूध पुढे करतात. तहानलेला साप काहीही पितो, आणि नंतर त्यानेच मरतो."

"काढायचं कशाला?" काकी म्हणाल्या. "तान्हेल्याला पाजून कसली पारख?"

मला उगाच हरल्यासारखं वाटलं, आणि बरंही. निघताना मी त्यांना पंचमीला येताना एक जिवंत उंदीर आणायला सांगितलं, त्यांच्याच घरातला. धामणीला पुढे तिथलेच उंदीर धरायचे होते. "घिऊन जा की सगळं," त्या म्हणाल्या. "कनगीखाली बाजार भरलाय त्यांचा."

पण पंचमीच्या आधी तिने पुन्हा खाणं सोडलं. मी काचेशी वाकले तर तिचे डोळे दिसले: दुधाळ निळे, धुकं भरल्यासारखे. कात टाकायची वेळ झाली होती. कातीला आलेला साप खात नाही, त्याला दिसत नाही, तो फक्त थांबतो. शेजारचे काका म्हणाले, "बघ. सण जवळ आला. उपास धरला तिनं." मी त्यांना उत्तर दिलं नाही, हे माझ्या आयुष्यातलं विक्रमी मौन होतं. पंचमीच्या पहाटे शोकेसमध्ये पेंढ्यावर कात पडली होती, तोंडापासून शेपटीपर्यंत सलग. फक्त टाक्यांच्या जागी ती फाटली होती. आणि धामण नवी, पिवळसर तपकिरी, तेल लावल्यासारखी, काचेपाशी डोकं वर करून उभी. भुकेला साप कसा दिसतो ते मला आता कळत होतं.

काकी टेम्पोने आल्या. नवी साडी, एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेला उंदराचा पिंजरा. आमच्या आळीत त्या याआधी कधी आल्या नसाव्यात. भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे त्यांनी एकदा बघितलं, आईने पाणी दिलं ते प्यायल्या, चहाला हो म्हणाल्या. शेजारचे काका बोलावल्याशिवाय आले. पप्पा हात धुऊन आले.

मी झाकण उघडून दुधाची वाटी पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवली. काकींनी हळद-कुंकू काचेला बाहेरून लावलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

धामण खाली आली. वाटीपाशी आली. काका पुढे वाकले. तिने जीभ काढली, दोनदा, वाटीच्या काठावरून. मग तिथून निघाली आणि तिच्या अंगाने वाटी कलंडली. दूध पेंढ्यात गेलं. ती पुढे सरकून पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवून सावकाश पाणी प्यायली. घसा हलताना सगळ्यांना दिसत होता.

"पोट भरलं असंल तिचं," काका म्हणाले.

"मग बघू की भरलंय का," मी म्हटलं आणि पिंजऱ्याकडे हात केला.

काकींनी पिंजरा मागे ओढला. "आज न्हाई. आज पंचमी. आज आमी चिरत न्हाई, कापत न्हाई, तवा चढवत न्हाई. आज कुनाचा जीव जायाचा न्हाई."

माझ्या जिभेवर आख्खं पत्रक आलं होतं. मथळ्यासकट. पण मी धामणीकडे बघितलं. ती पिंजऱ्याच्या दिशेने काचेवर डोकं घासत होती, फडक्याआडच्या खुडबुडीचा तिला पत्ता लागला होता. मी एवढंच म्हटलं, "काकी, पंचमी आपली आहे. भूक तिची आहे."

काकींनी काचेशी वाकून तिच्याकडे बघितलं. मग एकदम हसल्या, पहिल्यांदाच. "व्हय की गं. तिला कुटं तवा चढवायचाय!"

पिंजऱ्याचं दार त्यांनी स्वतः शोकेसच्या तोंडाशी धरलं. उंदीर आत उडी मारून पेंढ्यात घुसला. उंदराची बाजू मांडणारं पत्रक आमच्याकडे अजून निघालेलं नाही, हे मला माहीत आहे आणि टोचतंही. धामण थांबली नाही. पेंढा एकदा उसळला. तिने त्याला आपल्या अंगाने काचेशी दाबलं, तोंड फिरवून डोक्याकडून धरलं आणि गिळायला लागली. ना चिमटा होता ना माझा हात. पप्पांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि सापाला त्रास नको म्हणून तसेच हवेत धरले.

काकी दुधाने ओल्या झालेल्या पेंढ्याकडे बघत होत्या. "मग माझ्या म्हशीचं दूध जातंय कुटं?" त्यांनीच विचार केला. "रेडकू," त्या म्हणाल्या. "त्याचं दावं सैल झालंय. मीच बांधते की मेलं." आणि काकांकडे वळून, "तुमी काय बघताय? तुमच्याकडं हाय का म्हस?"

उंदीर पचल्यावर उत्रोलीला आम्ही सगळेच गेलो. वनरक्षक मोटरसायकलवर आले. काकींच्या मुलाच्या हातात काठी नव्हती. तो तरव्याच्या मोकळ्या वाफ्यावरची जाळी गुंडाळत होता, आईने सांगितलं म्हणून, तोंड वाकडं करून. "पुढल्या साली कोंबड्यांना काय सांगायचं?" तो म्हणाला. "पत्रक वाटा त्यांना," काकी म्हणाल्या, आणि सगळ्यात मोठ्याने पप्पा हसले. मी पोतं बांधावर मोकळं केलं. धामणीने एकदाही मागे बघितलं नाही. बांधाच्या कडेने, ओल्या गवतातून, जणू मधले दिवस झालेच नव्हते अशी, ती सरळ स्वतःच्या बिळाकडे गेली.

भात कापणीला आला तेव्हा काकींचा फोन आला. मागे कालवा चालला होता.

"अगं पोरी, तुजी धामन खळ्यावर आलीय. तीच हाय, पाठीवर टाक्याची खून हाय. ही एवढी घूस धरलीय तिनं. माझी सून कनगीवर चढून बसलीय. काय करू?"

"काही करू नका काकी. जेवू द्या तिला."

फोन कानाला तसाच होता. काकींनी तो बंद केला नव्हता. पलीकडून त्यांचा आवाज आला, खळ्यावरच्या सगळ्यांना उद्देशून, आमच्या कुठल्याही मथळ्यापेक्षा मोठा:

"आरं, मागं व्हा सगळी! जेवतीय ती!"